रफीकभाई गप्प झाले तेव्हा

गेल्या गुरुवारी दुपारी मी बारामतीहून इंदापूरला निघाले होते, धाकट्या बहिणीकडे. गाडी नेहमीची आणि ड्रायव्हरही नेहमीचे, रफीकभाई... ज्यांना आमच्या कॉलनीत दुसरं कुणीच बोलवत नाही, कारण म्हणे ते फार करवादतात.

करवादतात हे खरं आहे. स्पीडब्रेकरवर, नगरपालिकेवर, सुनेच्या कालवणावर... आणि मला कॉलनीत काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. नन्सच्या शाळेत शिकले, रांगेत उभं राहायला त्यांनीच शिकवलं, आणि रांग मोडणाऱ्याला मी बोलते. याला किरकिर म्हणायचं असेल तर म्हणा.

मध्यंतरी कॉलनीच्या ग्रुपवर ‘निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा’ असा फुलाफुलांचा मेसेज आला. खाली लगेच दोघींनी हसरे चेहरे टाकले. मी काही आंधळी नाही.

तर रफीकभाईंचं आणि माझं जमतं. ते पुढे बसून जगाला नावं ठेवतात, मी मागे बसून.

त्या दिवशी तर त्यांना ऊत आला होता. सुनेनं भाकरी करपवली म्हणून ताट सरकवून निघाले होते. “साखरेची गोळी तेवढी घेतली आन् आलो. करपल्याली भाकरी आमी खायाची व्हय?”

मी म्हटलं, राग सुनेवर आणि शिक्षा स्वतःच्या पोटाला? तर म्हणाले, “पोट माजं हाय, म्याडम.”

सणसर मागे पडलं. पुढे एक स्पीडब्रेकर आला, गाडी त्यावरून तशीच आदळली... आणि रफीकभाई काहीच बोलले नाहीत.

आधी मला बरंच वाटलं. मग एक मोटरसायकलवाला चुकीच्या बाजूनं अंगावर आला, तरी शब्द नाही. तेव्हा मात्र मी सीटवर पुढे सरकले.

आरशात पाहिलं. एसी चालू असून कपाळावर घामाच्या धारा. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते... ही नजर मी घरात पाहिली आहे. आमच्या ह्यांची साखर अशीच एकदम उतरायची.

“रफीकभाई, गाडी बाजूला घ्या.” पुन्हा म्हटलं, जोरात. नुसतं “हूं” झालं आणि गाडी सरळ चालतच राहिली.

ऊसतोडीचा सीझन. समोर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता, आणि आम्ही थेट त्याच्या मागे... मागचा लाल दिवा नाही, काही नाही. एरवी त्यावरून आम्ही दोघांनी ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार केला असता.

मला गाडी चालवता येत नाही. वाकून त्यांचा खांदा हलवला, शर्ट ओला गार. शाळेतली इंग्रजी प्रार्थना तोंडात आली आणि अर्ध्यातच अडकली. ट्रॉलीतले ऊस आता एकेक वेगळे दिसायला लागले होते.

मग मला जे येतं तेच मी केलं... टोचून बोलले.

“तुमच्यापेक्षा तुमचा जावई बरा चालवतो गाडी.”

या जावयानं त्यांची जुनी जीप कॅनॉलमध्ये घातली होती. त्याचं नाव गाडीत काढायचं नाही, हे मला पक्कं माहीत. काहीच झालं नाही. मी आणखी पुढे गेले. “पुढच्या वेळी त्यालाच बोलावते. तुमच्याच्यानं आता होत नाही.”

मान किंचित वर आली. जीभ जड झाली होती. “उतरा... माज्या गाडीतनं उतरा, म्याडम.”

आणि मला खाली उतरवायला म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, गाडी रस्त्याकडेच्या मातीत घातली. मग डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

मी उतरून आधी किल्ली काढून घेतली. थोडं मागे एक रसवंती होती. माझी ‘रस आणा’ अशी हाक ऐकून तिथली बाई रसाचा जग घेऊनच पळत आली. “काय झालं वं, आजी?”

मला आजी म्हणाली, आणि मी तिला काहीही बोलले नाही... यावरून माझी अवस्था समजा.

घोटाघोटानं रस पाजला. प्रत्येक घोट ते गिळतात की नाही, हे मी बघत होते. ओठ पांढरे, नजर कुठेतरी लांब. त्या माणसाच्या तोंडून एक तक्रार ऐकायला मी कधी इतकी आसुसले नव्हते.

बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, “आलं लई घातलंय.”

“फुकाट पिऊन वर नावं ठेवतंय बघा,” रसवंतीवाली म्हणाली. मी तिथेच मातीत बसले आणि रडले.

नंतर त्यांचा मुलगा आला, डॉक्टरांना दाखवून झालं, आता ठीक आहेत. काल फोन आला होता... जावयाचं बोललात ते मागं घ्या, म्हणून. मी मागे घेतलं नाही. मग त्यांनी जावई, सून, डॉक्टर, पथ्याची भाकरी सगळ्यांची यथेच्छ हजेरी घेतली. मी फोन कानाला लावून, मध्ये एक शब्दही न बोलता, शेवटपर्यंत ऐकत बसले.

ग्रुपवरचे तुमचे हसरे चेहरे तुम्हाला लखलाभ. मला अजून गाडीत शांतता झाली की भीती वाटते.