बत्तीस पानांचा अतिमानव

लखनौच्या शाखेत माझी बदली होऊन चार वर्षं झाली, तोवर नऊ वर्षांची माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर देऊ लागली होती. बार्शीला राहणाऱ्या माझ्या आईला हिंदी येत नाही. मागच्या मे महिन्यात आजी-नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. येत्या मेमध्ये तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. लखनौच्या महानगर भागात आमच्या घराजवळ हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची आणि मुलगी ती अधाशासारखी वाचायची. म्हणून धाकट्या भावाला लिहिलं, मराठीतलं असलंच काहीतरी पाठव.

त्याने एका अतिमानवाचं कॉमिक पाठवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. छापील कागदाला चुकून पाय लागला तर आम्ही तो कपाळाला लावायचो. सवयीने मी त्या कॉमिकला खाकी कव्हर घातलं, वर तिचं नाव लिहिलं आणि तिला शेजारी घेऊन मोठ्याने वाचायला बसलो.

इतकं निर्बुद्ध पुस्तक मी तोवर वाचलं नव्हतं. एक भित्रा कारकून. त्याच्या अंगावर वीज पडते आणि त्याला ताकद येते. एक टकला शास्त्रज्ञ शहर उडवून देणार असतो. त्या शहराला नाव नाही, रस्त्यावर एक भाजीवाला नाही. कारकुनाने डोळ्यांवर चार बोटं रुंद पट्टी बांधली की सख्खी बायको त्याला ओळखत नाही. चित्रकाराला हात काढायचा कंटाळा असावा. निम्म्या लोकांचे हात पाठीमागे.

"अब बिजली गिरेगी," पान उलटायच्या आधीच मुलगी म्हणाली. वीज पडली. पुढे हा पकडला जाणार, तेही तिने हिंदीतच सांगितलं, आणि तो पकडला गेला. मराठीत सांग, असं मी दर वेळी म्हणायचो. ती "अच्छा" म्हणायची आणि पुन्हा हिंदीत सांगायची. मला त्या लेखकाचा राग येऊ लागला. छापून येणं इतकं सोपं असतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

विसाव्या पानावर अतिमानव साखळदंडात होता आणि समोर शास्त्रज्ञ. मी पान उलटणार तेवढ्यात मुलीने त्यावर हात ठेवला आणि आवाज जाड करून म्हणाली, "मूर्खा, आता तुला कोणीही वाचवू शकणार नाही."

तिने हात काढला. पान उलटलं, तर अक्षरन् अक्षर तेच.

कित्येक महिन्यांत ती स्वतःहून बोललेलं पहिलं सबंध मराठी वाक्य, आणि तेही त्या टकल्याचं. उरलेली बारा पानं तिनेच आधी म्हटली. मी नुसती पानं उलटली.

मेमध्ये कॉमिक मांडीवर घेऊन ती आजीला गोष्ट सांगायला बसली. अडखळत, मधेच "फिर" घालत, पण मराठीत. आईला अक्षरओळख नव्हती. साखळदंड आले तशी ती म्हणाली, "आता हा ते तोडणार."

"आजी, तुला कसं कळलं?"

"अगं, त्यात कळायचंय काय?" म्हणत आईने ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि ती माझ्याकडे वळली. "आणि ह्याला कव्हर कशाला रे घातलंस?"