हळदीवर ओतायचं पाणी

मास्तरीण दहावीत होती, पण तिची बोटं पाहून ती एखाद्या रंगाऱ्याकडे कामाला असावी असं वाटे. जास्वंदीचा जांभळा, आयोडीनचा तपकिरी. साबणाने न जाणारे डाग. ‘मास्तरीण’ हे नाव बाजारानेच दिलेलं. शाळेत तिला विज्ञान शिकवणारा मास्तर मी.

दर रविवारी ती कुडव्याहून सायकलने येई आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून बसे. लोक दूध, मीठ, तिखट आणत. ती फुकट तपासून देई. “माह्या तोंडाकडे नका पाहू, रंगाकडे पाहा,” हे तिचं ठरलेलं वाक्य. एक दूधवाला चिडवायचा, “मास्तरीणबाई, म्हशीलेच तपासून टाका ना!”

“म्हैस खरं बोलते काका. तुमची कॅन खोटं बोलते.”

सगळ्यांत मोठ्याने तोच हसे, आणि पुढच्या रविवारी कॅन घेऊन पुन्हा हजर.

हळदीतला खोटा रंग कसा ओळखायचा, हे तिने मला विचारलं. मी प्रयोगशाळेतली ॲसिडची छोटी बाटली दिली, हातमोजे दिले. म्हणालो, दोन थेंब टाक, लाल झालं की भेसळ. तेवढ्यात घंटा झाली. पुढची पायरी सांगायची राहिली. शुद्ध हळदही ॲसिडने लाल होते. वर पाणी ओतल्यावर तो लाल टिकला, तरच भेसळ.

त्या रविवारी दरेकशाहून हळद विकायला आलेल्या एका म्हातारीच्या पुडीतली हळद लाल झाली. गर्दी जमली, कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं.

“म्या उकडली, म्या कुटली. कायले नाव ठेवून राहिलीस, पोरी?”

“मी नाई म्हणत माय, रंग म्हणून राहिला.”

संध्याकाळपर्यंत ते चित्रण माझ्याही फोनवर आलं. पाहताक्षणी मला चूक कळली. मी फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसलो.

बुधवारी ती स्वतःच आली. “सर, आमच्या घरची हळदपण लाल होऊन राहिली. काऊन?”

मी तिच्यासमोर परीक्षानळीतल्या लाल झालेल्या हळदीवर पाणी ओतलं. लाल विरला, पिवळा परत आला. तिने नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाली, “तुम्ही सांगतलं असंन सर. मीच विसरली.”

मी ‘नाही’ म्हणालो नाही.

चित्रण पाहून मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं; त्यांच्यासमोरही ती तेच म्हणाली. मी शेजारी उभा होतो.

पुढचे तीन रविवार ती हळदीच्या ओळीत बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी ओतून दाखवी, सांगे, “त्या मायची हळद चांगली होती, मी चुकली.” कोणी ऐकत, कोणी हसत. म्हातारी आली नाही. तिच्या गावाकडच्या बायका म्हणाल्या, तिची हळद आता कोणी घेत नाही, ती मजुरीला जाते. चौथ्या रविवारी मास्तरीणही आली नाही.

निकाल लागला. विज्ञानात ती शाळेत पहिली आली. अकरावीचे अर्ज भरून घ्यायला मी बसलो होतो. तिच्या अर्जावर कला शाखा लिहिलेली दिसली.

“विज्ञान का नाही घेतलंस?”

“एक गोष्ट विसरली तं दुसऱ्याच्या पोटावर पाय येते, सर. माह्या डोक्याचा आता भरोसा नाई.”

तिच्यामागे रांग होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सही केली आणि म्हणालो, “कला शाखाही चांगली असते.”

“हो सर,” म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.