शैलाताईंच्या बोंडअळीच्या नोंदी

शैलाताई गेल्याचा फोन कॉलेजात आला, तेव्हा त्यांच्या चौदा वर्षांच्या वह्या प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात होत्या आणि किल्ली माझ्या खिशात...

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात त्या शिकवत. मूळच्या भडगावच्या. यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे पुण्याला संशोधनाला जाणं राहिलं, परिषदाही राहिल्या. मग त्यांनी गावाबाहेरच्या एका कपाशीच्या शेतात प्रकाश सापळा लावला. दिव्यावर येऊन त्यात पडलेले बोंडअळीचे पतंग त्या रोज सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी मोजायच्या.

दोन वर्षांपूर्वी शहरात इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा मला ओढतच घेऊन गेल्या. पडद्यावर एकेक ओळ उतरत तक्ता आला. परदेशातल्या एका संशोधकानं देशोदेशीच्या अशा नोंदी मांडल्या होत्या; कुणीही पाहाव्यात, वापराव्यात. "सर, सुरतेची अळी इथं आहे, आपली नाही. पाठवू या ना?" घर न सोडता बाहेर पडायची वाट त्यांना दिसली होती. मी विभागप्रमुख. म्हणालो, "परवानगी लागेल, नोंदी संस्थेच्या आहेत." अर्ज घेतला, वह्याही ठेवून घेतल्या.

दर सोमवारी त्या विचारत, "आलं का उत्तर?" मी म्हणे, "यायचंय." एकदा चिडून, काम सगळं होऊन बसलंय अशा अर्थानं, गावच्या बोलीत म्हणाल्या, "भाऊ, काम बठ्ठं व्हई गयं, दार तेवढं बंद शे." नंतर त्यांनी विचारणंच सोडलं...

तेराव्यानंतर प्राचार्यांना भेटलो. ते म्हणाले, "माझ्याकडे असा अर्ज आलाच नाही. आणि परवानगी कसली? तुमची सही पुरे होती." अर्ज माझ्याच खणात होता. वरचे काय म्हणतील, या धास्तीनं मीच तो दाबून ठेवला होता.

आता रोज दुपारी त्या दुकानात बसून वह्यांतलं एकेक पान टाइप करून पाठवतो. लाइन तुटते, पुन्हा जोडतो. परवा त्या संशोधकाचं उत्तर आलं : नोंदी फार नेटक्या आहेत, बाईंना माझे आभार कळवा.

खरंच नेटक्या आहेत. सापळा रिकामा असेल त्या दिवशी शून्य. यजमानांमुळे शेतावर जाता आलं नाही त्या दिवशी 'गेले नाही'. चौदा वर्षांत या दोहोंची गल्लत एकदाही नाही.

प्राचार्यांची खोली माझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे. दोन वर्षं मी गेलो नाही.