वसरामच्या गिटारची मान

वसराम राठोडला गिटार वाजवता येत नाही, तो नुसता हातात धरून उभा राहतो, असं आज वसमतमध्ये कुणीही सांगेल. उभा राहतो हे खरं आहे. पण त्याला वाजवता येत होती. ते कसं गेलं ते मी सांगतो, कारण पेचकस माझ्याच हातात होता.

मी चाँद पाशा. बसस्टँडच्या मागे माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. वसराम आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यावरचा. अंगानं लहानखुरा, पंजा तर दहा वर्षांच्या लेकराएवढा. त्याचा बाप पेमा हैदराबादला जुन्या इमारती पाडायच्या कामावर गेला होता. तिथल्या एका शाळेच्या गाण्याच्या खोलीत ही इलेक्ट्रिक गिटार पडून होती. भंगारात टाकण्यापेक्षा घेऊन जा म्हणाले, म्हणून पेमानं ती घोंगडीत गुंडाळून पोरासाठी आणली. मानेच्या मागं लाल रंगात अकरा नंबर टाकलेला. शिकणाऱ्या लेकरांसाठी बनवलेली गिटार ती. नेहमीच्या गिटारपेक्षा मान चांगली चार बोटं आखूड, तिच्यावरच्या सुरांच्या पट्ट्या जवळजवळ. आमचे ऑर्केस्ट्रावाले तिला हसायचे. वसरामच्या हातात मात्र ती अशी बसली की जणू माप घेऊन केली असावी.

तो कुणाकडे शिकला नाही. माझ्याकडचा एक दुरुस्त केलेला अॅम्प्लिफायर नेला आणि तांड्यावर बसून कानानं शिकला. पुढे लग्नांत वाजवणाऱ्या देविदासच्या ऑर्केस्ट्रात लागला. लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, तो त्या गिटारवर वाजवायचा तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बंजारा बाया जेवण टाकून उठायच्या. मी स्वतः पाहिलंय.

मग देविदासनं नवीन लाइट घेतले, मोठं बॅनर छापलं. त्या बॅनरवर गिटार खेळण्यातल्यासारखी दिसली. एका लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी ‘पाळण्यातली गिटार’ म्हणून टिंगल केली आणि देविदासच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी तो कुठूनतरी एक फुटकी मोठी गिटार घेऊन दुकानात आला. खोकं छोट्या गिटारचंच राहू द्या, मान हिची बसवा, आपल्याला दिसण्याशी मतलब, असं त्याचं म्हणणं.

वसराम सोबत होता. तो हळूच म्हणाला, “चाँदभाई, तिला हात नका लावू. तिचे सूर ह्याच लांबीवर बसलेत. अन् माझी बोटं बी पुरणार न्हाईत.”

मला राग आला. तीस वर्षं मी मशिनी खोलतोय आणि हा मला शिकवून राहिला! लाकूड ते लाकूड, असं काहीतरी बोललो आणि चार स्क्रू काढले.

मोठी मान बसली. मोकळ्या तारा जुळल्या. पण पट्टीवर बोट ठेवलं की सूर चढायचा, आणि पुढच्या प्रत्येक पट्टीला जास्तच. तारा ज्यावर टेकतात ती घोडी मागं सरकवावी तर मागं लाकूडच उरलं नव्हतं. मी घाम पुसत जुनी मान परत लावतो म्हणालो. देविदास फोटो काढत होता. तो म्हणाला, “राहू द्या पाशाभाई. गिटारचे सूर कीबोर्डवर निघतात. वायर काढून टाका, ह्यानं नुसतं उभं राहायचं.”

वसरामच्या घरात खाणारी पाच तोंडं होती. तो उभा राहिला. आठ वर्षं राहिला.

मान परत बसवून घे, असं मी त्याला एकदाही बोललो नाही. बोलायचं तर आधी माझं चुकलं म्हणावं लागलं असतं. ती छोटी मान मी दुकानाच्या खिडकीला टेकू म्हणून लावली. वसराम माइक दुरुस्तीला घेऊन यायचा तेव्हा ती त्याला दिसायची.

यंदा उन्हाळ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुणी विलायती म्हातारा, पांढरे केस, नामांकित वाजवणारा दिसत होता. त्याच्या हातात तसलीच आखूड गिटार. खाली हिंदीत लिहून येत होतं: या गिटारी विद्यार्थ्यांसाठी बनवल्या, मोठ्यांनी टाकून दिल्या, मग गरीब वाजवणाऱ्यांनी जुन्या बाजारातून उचलल्या आणि थेट मोठ्या स्टेजवर नेल्या. आता जाणकार मुद्दाम तीच शोधतात. समोर हजारो माणसं, कुणी हसत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, ती आठ वर्षं उशिरा वाटली.

मी टेकू काढला, पुसला. अकरा नंबर तसाच होता. वसरामला फोन करून गिटार घेऊन ये म्हणालो. मान बसवली, तारा जुळवल्या, वायर लावली आणि पहिल्यांदाच म्हणालो की माझं चुकलं होतं, आता लेंगी वाजव.

त्यानं गिटार मांडीवर घेतली. बोटं एकही जागा न चुकता फिरली. स्पीकरमधून मात्र नुसती थपथप आली. आठ वर्षांच्या सवयीनं बोटं तारांना नुसती शिवत होती, दाबत नव्हती. त्यानं जोर लावला तेव्हा कळ गेली आणि हात मागं घेतला. बोटांची टोकं त्यानं मला दाखवली. मऊ होती.

“घट्टे गेले, चाँदभाई,” तो म्हणाला. मग गिटार माझ्यासमोर ठेवली. “उद्या औंढ्याला लग्न हाय. मोठी मान लावून द्या, देविदासशेठ बोलतील.”

मी परत चार स्क्रू काढले. छोटी मान वसरामनंच उचलली आणि जाऊन खिडकीला टेकू म्हणून लावली.