न बसणारा फेस

शाळेत मी फार टिकलो नाही, पण फेस मला वाचता येतो. देवासच्या मराठी घरांतल्या मुंजी-लग्नांत आचाऱ्याचं काम करण्यात सगळा जन्म गेला. लोणी कढायला ठेवलं की पहिला फेस येतो तो मोठमोठ्या बुडबुड्यांचा, तडतडणारा. तो बसतो. मग आवाज थांबतो आणि बारीक, दाट फेस वर चढतो. तेव्हा तूप झालं, उतरवा. डाळीवरचा फेस पळीनं काढून टाकायचा. रिठ्याचा उठला तरच रेशमी सोवळं भिजवायचं. बोअरच्या जड पाण्यात तो उठत नाही. कुणी मला थर्मामीटर आणून दाखवला तर मी सांगायचो, तो तापलेल्या पोराच्या काखेत घाला, माझ्या कढईत नको.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लघवीला फेस दिसू लागला. पांढरा, साबणासारखा, कमोडमध्ये तसाच उभा. मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. साखरेच्या पाकात आम्ही दुधाचा हबका मारतो. साखरेतली घाण फेस होऊन वर येते, तिला मळी म्हणायचं. ती काढली की पाक स्वच्छ. मी म्हटलं, अंगातली मळी निघतेय, निघू दे. लवकर निघावी म्हणून रोज सकाळी तांब्याभर दूध प्यायला लागलो.

पाय सुजले. चपलेचे पट्टे रुतून वळ उठायचे. मी म्हटलं, उभ्यानं काम करणाऱ्याचे पाय, सुजणारच.

पण घरात सून आहे. मुलाची फॅक्टरीत पाळी असते, घर तीच बघते. हिंदी शाळेत शिकलेली, बोलायला तिखट.

"बाबा, कमोडमध्ये रोज सर्फ कोण टाकतंय?"

"मी टाकतो. स्वच्छता नको का?"

"सर्फचा डबा तर वर माळ्यावर आहे. स्टुलावर चढलात?"

"चढलो."

"एवढ्या सुजलेल्या पायांनी?"

"पाय माझे आहेत."

"पाय तुमचे, पण स्टूल मी आणलंय. तुटलं म्हणजे?"

मी उठून बाहेर गेलो. आमच्यात सासऱ्यानं सुनेशी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. आणि बोलून तरी काय, मला कळत होतंच ना सगळं.

मग धारला एका जुन्या ओळखीच्या घरी मुंज निघाली. जिलबीचा पाक माझ्याकडे, जोडीला एक मालवी हलवाई. मी दुधाचा हबका मारला. मळी वर आली, झाऱ्यानं काढली. परत मारला, थोडीच आली. त्यानंतर आली नाही. पाकातून कढईचा तळ दिसायला लागला.

"भिया, पाक तो काँच हो गया!" हलवाई म्हणाला.

मी झारा धरून तसाच उभा. आजवर किती पाक केले असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाक बघताना कमोडमधला फेस आठवला. मळी संपते. मळी असेल तर संपायलाच हवी. माझी का संपत नाही?

"क्या हुआ दादा, नजर लगाओगे क्या पाक को?"

"डोळ्यांत धूर गेला," मी म्हणालो. भट्टी गॅसची होती. त्यानं एकदा भट्टीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

रात्रीच्या बसनं घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमोडमध्ये पाणी सोडलं नाही. दार उघडलं आणि सुनेला हाक मारली. ती गॅस बंद करून आली. सुनेला असलं दाखवायची वेळ माझ्यावर यावी! मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "बघ. सर्फ नाहीये तो."

ती वाकली, बराच वेळ बघत राहिली. फेस हलला नाही.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "डब्यातला सर्फ कमी होतच नव्हता. चला, चप्पल घाला."

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, कधीपासून? सून म्हणाली, हिवाळ्यापासून. तेव्हा मी मळीचं सांगितलं, दुधाचंही. तो हसला नाही.

"काका, ही घाण बाहेर पडत नाहीये. शरीराला हवं ते प्रोटीन किडनीतून गळतंय."

गळतंय. मी महिनोन्‌महिने खूश होऊन बघत होतो, ते हे.

दूध बंद झालं. मीठ जवळजवळ बंद. किडनी किती बिघडलीय ते पुढच्या तपासण्यांत कळेल, तोवर काही सांगत नाहीत. सुनेच्या हातची अळणी आमटी मी नावं न ठेवता खातो. ती समोर बसून स्वतःही तीच खाते. रोज सकाळी संडासाच्या दाराबाहेरून विचारते, "बाबा, आज कसा आहे?"

थाप मारायची सवय अजून जिभेवर येते. मी ती गिळतो आणि आतून सांगतो, "तसाच आहे गं."