रांगेत ठेवलेली पिशवी

आभार मानायचा सण अमेरिकेचा, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार अमेरिकेचा, आणि सेलच्या रांगा लागणार आमच्या तोक्योतल्या निशी-कसाई भागात! हे माझं ठरलेलं भाषण. जपानातल्या २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी बँकेतर्फे तोक्योला आलो, तेव्हा इथे हे खूळ नव्हतं. चार-पाच वर्षांनी ते आलं आणि मला दर नोव्हेंबरला बोलायला विषय मिळाला. आमच्या ऑफिसातले रॉजर-सान मूळचे लंडनचे. त्यांच्या देशाच्या गळ्यातही हे लोढणं अमेरिकेनेच बांधलेलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं मिळून अमेरिकेला झोडपायचो. ऐकायला तिसरं कुणी नसायचं.

घरी ऐकायला माझी बायको विभा होती. त्या वर्षी जवळच्या उरायासुत राहणाऱ्या सुमनताईंच्या मुलीच्या लग्नाचे आठ ब्लाउज तिने शिवायला घेतले होते. जपानात आल्यापासूनचं तिचं हे पहिलं काम. तिसऱ्याच ब्लाउजला जुन्या मशिनची मोटर जळली. सेलच्या पत्रकात शिलाई मशिन निम्म्या किमतीत होतं, पण नग फक्त पाच. तिने पत्रक माझ्यापुढे ठेवलं. मी मशिनचं सोडून तिला अमेरिकेचा इतिहास ऐकवला. ती पत्रकाची घडी करून आत गेली.

दोन दिवस ती हाताने शिवत होती. तिच्या बोटाला पट्टी दिसली आणि मला माझीच लाज वाटली. पण इतकी वर्षं भाषणं ठोकून आता 'चल, सेलला जाऊ' म्हणायचं कुठल्या तोंडाने? शुक्रवारी गुपचूप रजा टाकली, ऑफिसला जातो म्हणून टाय बांधून निघालो आणि सकाळी सातला दुकानापुढे उभा राहिलो. माझ्यापुढे चौघंच होते. म्हणजे मशिन नक्की मिळणार.

साडेआठपर्यंत थंडीने पाय बधिर झाले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला दुसरं काय सुचणार? डब्याची पिशवी रांगेत ठेवली, तिच्यावर रुमाल पसरला आणि कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, गरम कॉफी प्यायला गेलो.

परत आलो तर पिशवी गायब. दुकानातला एक कर्मचारी धावत आला, कमरेत वाकला, आणि कुणाची तरी हरवलेली पिशवी म्हणून आपण ती आत नीट जमा केल्याचं त्याने सांगितलं. मला बाजूच्या दाराने काउंटरवर नेलं. तिथे फॉर्म. पिशवीचा रंग कोणता, आत काय आहे? डबा. डब्यात काय? साबुदाण्याची खिचडी म्हणजे काय, हे जपानीत समजावता समजावता नऊ वाजले आणि दुकान उघडलं. पिशवी घेऊन मी धावलो, तोवर मशिनं संपली होती.

तोंड पाडून दुपारी घरी आलो तर आतून मशिनचा आवाज. विभा नव्याकोऱ्या मशिनवर बाही जोडत होती. मी मुकाट्याने सगळं कबूल केलं. तिने पाय उचलला, मशिन थांबवलं.

“तुम्ही कॉफीला गेलात ना, तेव्हा मी येऊन पोचले. सहावी. पुढे तुमची पिशवी. रुमाल ओळखला मी. दुकानातल्याने विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, माहीत नाही. मग तुम्ही आलात तेव्हा पाठ करून उभी राहिले.”

मला राग यायला हवा होता, पण तोही धड येईना. मी मशिनसाठीच आलो असेन हे तिला कळलं कसं नाही, एवढंच मी विचारलं.

“खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही स्वतःला टीव्ही घ्यायला आलात.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिला दुसरं काही वाटावं, असं मी आजवर काही केलंच नव्हतं.