पथारीवरचा समुद्र

“दाजी, मन्ही मिरचीवर पाणी कोनी सांडं?”

ही आरोळी नंदुरबारात उठली आणि सुरतेच्या फलाटावरचे हमाल दचकले, असं म्हणायला माझी हरकत नाही. आरोळी माझ्या शालकाची. मिरचीचा व्यापारी. गावाबाहेरच्या रानात लाल मिरची वाळायला अंथरतात, ती पथारी. आणि त्याच्या पथारीच्या ऐन मधोमध मी मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात निळा समुद्र, बाजूला लवंडलेला पाण्याचा डबा.

लग्नात वराचा कान पिळायचा मान ह्याचा होता. तो कान ह्याने अजून सोडलेला नाही.

समुद्राचं म्हणाल तर, नाताळच्या सुट्टीत आम्ही नवराबायको एका बेटावर गेलो होतो. नारळ, पांढरी वाळू, पोपटी पाणी, आणि मी जलरंग घेऊन सज्ज. पण हवा अशी दमट की सकाळी रंगवलेलं आभाळ दिवेलागणीलाही गळत होतं. एक नारळ तर माझ्या डोळ्यांदेखत ओघळून समुद्रात बुडाला. खालचा थर वाळल्याशिवाय लाटा काढायच्या कशा? शेवटी बिनलाटांचे सगळे समुद्र गुंडाळले आणि उरलेली सुट्टी काढायला सासुरवाडी गाठली. इथलं ऊन असं की कुंचला कागदाला टेकेतो त्याची काडी व्हायची! कागद मिरच्यांवर पसरले, लाटा काढायला घेतल्या, तेवढ्यात ठसक्याने शिंक आली. तशी शिंक खानदेशात पुन्हा होणे नाही. डबा त्या शिंकेने उडाला. मी हातसुद्धा लावला नव्हता.

हे मी शालकाला समजावून सांगितलं. त्याने माझ्या कुंचल्यापासून माझ्या वडिलांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. गुजरातचं गिऱ्हाईक आत्ता येतंय, महिनाभर ढग दिसला तरी मी उपाशी राहिलो, आणि पाणी घातलं ते घरच्या जावयानं, असं तो ओरडत होता. मीही गप्प बसणाऱ्यातला नाही.

“एवढ्या रानात तुला माझा एक डबाच दिसला?”

गिऱ्हाईक आलं. रान लालभडक पसरलेलं, आणि त्या माणसाने वाकून नेमकी माझ्या समुद्राकाठची मिरची उचलली. कानाशी धरून हलवली. वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळतं. ही मुकी होती. त्याने ती होती तिथे ठेवली, हात झटकले आणि शेजारच्या पथारीकडे चालू लागला.

शालक उकिडवा बसून ओल्या मिरच्या वेगळ्या काढत राहिला. मला वाटलं, आता आपणच मोठं मन करावं. सगळ्यांत फेसाळ समुद्र त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, हा तुझ्या दुकानात लाव, गिऱ्हाइकं बघत राहतील.

त्याने मान वर केली नाही.

“चित्र सुकनं व्हई ते उचला, दाजी. मिरचीले जागा लागस.”